पाच ट्रीटमेंट, दोन रात्री: यातलं ठेवायचं काय?

पत्र: मी ४७ वर्षांची आहे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर काम, त्यामुळे मान आणि खांदे कायम आखडलेले. पुढच्या महिन्यात नवऱ्याबरोबर एका हेल्थ स्पा हॉटेलात दोन रात्री राहायचं ठरवलं आहे. ते ५५ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर अशाच एका ठिकाणी गेले होते, तेव्हा दुसऱ्या दिवशी डोकं भयंकर दुखलं आणि घरी आल्यावर दोन दिवस अंगात त्राण नव्हतं. तिथली थेरपिस्ट म्हणाली, शरीरातली विषद्रव्यं बाहेर पडताहेत. या वेळी सगळं नीट व्हावं म्हणून वेळापत्रकच केलं आहे. पोचल्यावर सॉना, स्टीम आणि ९० मिनिटांचा डीप टिश्यू मसाज. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता योग, मग गरम पाण्याचा पूल, बॉडी स्क्रब, मड रॅप आणि फेशियल. निघायच्या दिवशी सकाळी हॉट स्टोन मसाज. चहा-कॉफी पूर्ण बंद, दोन्ही दिवस फक्त रस आणि सूप. हे बरोबर आहे का? आणखी एक, मसाजच्या वेळी अंगावर नेमकं काय ठेवायचं? विचारायला संकोच वाटतो.

उत्तर: आधी त्या डोकेदुखीचं बघू, कारण तिची सोय तुम्ही याही वेळी करून ठेवली आहे.

रोज चहा-कॉफी घेणाऱ्याने ती एकदम सोडली, की साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरतं आणि पहिले दोन दिवस ते सर्वांत जास्त ठणकतं. जोडीला सुस्ती आणि चिडचिड. सकाळी घरून चहा घेऊन निघालात आणि तिथे पोचल्यावर बंद केलात, तर दुखणं दुसऱ्या दिवशी बरोबर वेळेवर हजर होणार. त्यात सॉनातून गेलेलं पाणी आणि रिकामं पोट यांची भर. विषद्रव्यांचा इथे काही संबंध नाही. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ. शरीराची सफाई यकृत आणि मूत्रपिंडं रोजच करतात, त्यासाठी ती हॉटेलच्या बुकिंगची वाट बघत नाहीत. थेरपिस्टने खांद्यातली गाठ कुठे आहे ते सांगितलं तर जरूर ऐका, विषद्रव्यांबद्दल बोलली तर हसून सोडून द्या. सॉनानंतर वजनकाटा अर्धा किलो कमी दाखवतो, तोही पाण्याचाच हिशोब आहे.

तेव्हा नेहमीचा चहा नेहमीच्या वेळी घ्या. सोडायचाच असेल तर जाण्याआधी आठ-दहा दिवस सुरुवात करा, दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करत. रस आणि सूप एखाद्या जेवणापुरतं ठीक, पण दोन दिवस त्यावर राहून उष्णतेच्या खोलीत जाणं म्हणजे चक्कर ओढवून घेणं. साधं, पोटभर जेवा. फक्त सॉना, स्टीम किंवा मसाज जेवणानंतर दीड-दोन तासांनीच.

दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या दिवशी लागोपाठ लावलेली सॉना, स्टीम आणि डीप टिश्यू. उष्णतेत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त बाहेरच्या बाजूला वळतं आणि ते फिरवत ठेवायला हृदयाला जोर लावावा लागतो. सॉनात नुसतं बसून नाडी मिनिटाला १०० च्या वर सहज जाते, म्हणजे भराभर चालल्यासारखंच. सॉनाची हवा कोरडी असते, ८० ते १०० अंश सेल्सिअस. स्टीम रूममध्ये तापमान ४० ते ५० अंशच, पण हवा बाष्पाने पूर्ण भरलेली, त्यामुळे घाम वाळत नाही आणि शरीराला थंड व्हायला वावच मिळत नाही. आकडा कमी दिसतो म्हणून स्टीम सौम्य, असं समजू नका. दोन्हीतलं एका दिवशी एकच घ्या. मान-खांद्यांसाठी दोन्ही सारखेच उपयोगी. दम्याचा त्रास असेल तर वाफेत काहींना श्वास जड होतो, तेव्हा आधी दोनच मिनिटं बसून बघा.

सॉना घ्यायची पद्धत तपशिलात सांगतो, कारण बहुतेकांचं इथेच बिनसतं. जाण्याआधी एक-दोन ग्लास पाणी प्या. शॉवर घ्या आणि अंग पुसून कोरडं करा, ओल्या अंगाला घाम उशिरा फुटतो. अंगठी, साखळी, कानातलं सगळं काढून ठेवा, धातू तापून चटका देतो. कॉन्टॅक्ट लेन्सही काढा. आत मोठा टॉवेल पसरून बसा, पायसुद्धा टॉवेलवर हवेत. सुरुवात खालच्या बाकावर. गरम हवा वर चढते, त्यामुळे वरच्या बाकावर तापमान बरंच जास्त असतं. पहिल्या फेरीला ८ ते १० मिनिटं पुष्कळ झाली, १५ च्या पुढे कधीच नाही. आडवे झाला असाल तर शेवटची दोन मिनिटं उठून बसा, पाय खाली सोडा आणि मग सावकाश उभे राहा. सॉनात माणसं पडतात ती बसलेली असताना नाही, झटकन उठताना. डोकं हलकं वाटलं, छातीत धडधडलं, मळमळलं, तर घड्याळ न बघता बाहेर या.

बाहेर आल्यावर आधी दोन-तीन मिनिटं मोकळ्या हवेत चाला. मग गार पाणी पायांपासून वर घेत न्या: पावलं, पोटऱ्या, हात आणि सगळ्यात शेवटी छाती-पाठ. रोमन स्नानगृहांतही क्रम हाच असे, कोमट दालन, मग गरम, शेवटी थंड. यानंतर झगा गुंडाळून निदान १५ ते २० मिनिटं आडवं व्हायचं. स्पामधली विश्रांतीची खोली बहुधा रिकामी असते, कारण सगळे पुढच्या अपॉइंटमेंटला पळत असतात. आमच्या मते त्या अख्ख्या इमारतीतली सर्वांत कामाची खोली तीच. घाम पूर्ण थांबला आणि जावंसं वाटलं तर दुसरी फेरी घ्या. तिसरीची गरज नाही.

तुमच्या यजमानांबद्दल. बीपी गोळीने आटोक्यात असेल तर सौम्य सॉना बहुतेकांना चालते, पण हे त्यांच्या डॉक्टरांना नाव घेऊन विचारा: "८० अंशांच्या सॉनात ५ ते ८ मिनिटं बसलो तर चालेल का, आणि माझ्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का?" तसं औषध असेल तर शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं आणि उष्णतेत दाब एकदम घसरू शकतो. त्या दिवशीची गोळी चुकवायची नाही. त्यांनी खालच्या बाकावर बसावं, एकच फेरी घ्यावी आणि एकट्याने जाऊ नये. सॉनातून निघून थेट बर्फगार पाण्याच्या हौदात उडी त्यांच्यासाठी पूर्ण वर्ज्य. थंडीच्या धक्क्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब क्षणात वर जातो. दारू आणि सॉना हे समीकरण तर कुणासाठीच नाही, आदल्या रात्रीची उतरली नसेल तरीही नाही. बीपी आटोक्यात नसेल, चालताना छातीत दुखत असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल किंवा महाधमनीची झडप अरुंद असेल, तर उष्णतेच्या खोल्यांकडे फिरकूच नये.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तिमाहीत, सॉना आणि गरम टब टाळावेत. मधुमेहामुळे पावलं बधिर असतील तर गरम दगड, गरम लेप नकोत, कारण भाजलेलं कळत नाही. अंगावर औषधाची पट्टी लावलेली असेल तर उष्णतेने त्यातलं औषध वेगाने शरीरात शिरतं, इन्शुलिनचं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर तेही.

गरम पाण्याच्या पुलाबद्दल तुमची निवड चांगली आहे, फक्त वेळ बदला: तेल लागायच्या आधी, नंतर नाही. तेलकट अंगाने टबात उतरलं की पाणी खराब होतं आणि क्लोरीन त्या तेलातच खर्ची पडतं. डोळे झोंबवणारा क्लोरीनचा वास आला की पाणी स्वच्छ, असं बरेच जण मानतात. प्रत्यक्षात उलट आहे. क्लोरीनचा घामाशी, लघवीशी संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, तो वास त्यांचा. चांगल्या टबाला जवळपास वास नसतो. तळाची जाळी स्वच्छ दिसली पाहिजे, कडेची फरशी हाताला बुळबुळीत लागता कामा नये, आणि तापमान ४० अंशांच्या वर नको. क्लोरीन आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचा आकडा) किती आहे ते विचारायला लाजू नका. बुडबुड्यांच्या टबात मोकळं क्लोरीन निदान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन भाग) आणि पीएच ७.० ते ७.८ असायला हवं, आणि नोंदवही ठेवणारं हॉटेल ती खुशाल दाखवतं. पाणी नीट राखलं नसेल तर एक-दोन दिवसांत पोहण्याच्या कपड्याखाली खाजरे लाल फोड उठतात. बहुतेकदा ते आपोआप बसतात, पण सुट्टीची मजा जाते. टबात १५ मिनिटं पुरे. केस लांब असतील तर वर बांधा, पाणी ओढून घेणाऱ्या जाळीजवळ मोकळे केस धोक्याचे.

आता मसाज. मान-खांदे धरलेल्या माणसाला डीप टिश्यू हवासा वाटतो, कारण नावातच खोलवर जाण्याचं आश्वासन आहे. पण प्रवासातून उतरून लगेच, अनोळखी हाताखाली, शरीर ढिलं पडत नाही. जोर वाढला की स्नायू प्रतिकार करतात आणि दुसऱ्या दिवशी अंग ठेचल्यासारखं होतं. तुमच्यासाठी ६० मिनिटांचा मध्यम जोराचा मसाज आम्ही सुचवू. सुरुवातीलाच सांगा: "पाय आणि पोट सोडा, तो वेळ पाठ, खांदे आणि मानेला द्या." सगळ्या अंगाला पसरलेल्या ९० मिनिटांपेक्षा मानेच्या वाट्याला यात जास्त वेळ येतो. जोराचं माप सोपं आहे. १० पैकी ५-६ इतकं दुखणं चालतं. श्वास रोखला जातोय किंवा पायांची बोटं आखडताहेत असं जाणवलं की जोर जास्त झाला, तेव्हा बोला. थेरपिस्टला राग येत नाही, तिला उलट दिशा मिळते. मानेच्या पुढच्या भागावर दाब नको आणि मान कडकन मोडून देणं तर अजिबात नको. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकणं स्वाभाविक आहे, २४ ते ४८ तासांत जातं. हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील किंवा पकड सैल वाटत असेल, तर मात्र स्पाआधी डॉक्टरकडे जा, ते मसाजचं काम नाही.

उपडं झोपल्यावर तोंड ज्या गोल उशीत ठेवतात ती खालीवर करता येते. हनुवटी वर उचलली जात असेल तर उशी खाली करून मागा. मान दुखणाऱ्यांचा अर्धा मसाज या एका गोष्टीने वाया जातो. घोट्यांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली की कंबरही सैल पडते.

कपड्यांचं. संकोच बाळगू नका, हा प्रश्न तिथल्या रिसेप्शनला रोज येतो. साधारण पद्धत अशी: थेरपिस्ट खोली दाखवते आणि बाहेर जाते. तुम्ही कपडे उतरवून टेबलावर चादरीखाली उपडं झोपायचं. वापरून टाकून द्यायची अंतर्वस्त्रं बहुतेक ठिकाणी देतात, स्वतःची घातली तरी चालतात, फक्त तेल लागेल अशी जुनी घाला. पाठीच्या मसाजला ब्राचा पट्टा आड येतो. काढायची नसेल तर चादरीखाली झोपल्यावर हूक सोडला तरी काम होतं. ती दार वाजवून आत येते. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा राहतो, बाकी सगळं झाकलेलं. उताणं वळताना ती चादर वर धरते आणि नजर दुसरीकडे करते. थेरपिस्ट बाईच हवी, हे बुकिंग करतानाच सांगा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही. ठरल्यापलीकडे कुठेही हात गेला, किंवा नुसतं अवघडल्यासारखं वाटलं, तरी "थांबा" म्हणून उठता येतं. कारण देण्याची गरज नाही, पुढे मॅनेजरशी बोला.

सुरुवातीला जो फॉर्म देतात तो चटकन सही करून परत करू नका. रक्त पातळ करणारी गोळी, अलीकडची शस्त्रक्रिया, फुगलेल्या शिरा, एका पोटरीची सूज, हाडांचा ठिसूळपणा, त्वचेवरचं इन्फेक्शन हे त्यात लिहिलंच पाहिजे. एकाच पोटरीची सूज आणि दुखणं असेल तर मसाज रद्द, कारण आत रक्ताची गाठ असू शकते. सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर तेही सांगा, बदाम तेल सर्रास वापरतात. आणि १५ मिनिटं आधी पोचा. उशीर झाला तर तो तुमच्या वेळेतून कापला जातो, तुमच्यानंतरच्या पाहुण्याच्या नाही.

दोघांचा एकत्र मसाज म्हणजे एकाच खोलीत दोन टेबलं, एवढंच. एकाला गप्पा हव्यात आणि दुसऱ्याला शांतता, असं असेल तर वेगळ्या खोल्या घ्या.

राहिल्या तीन ट्रीटमेंट आणि फेशियल. मड रॅप काढून टाका. गरम चिखल फासून वर प्लास्टिक गुंडाळल्यावर घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे ती आणखी एक उष्णतेची फेरीच झाली, शिवाय हात बांधल्यासारखे राहिल्याने काहींचा जीव घाबरतो. हॉट स्टोन निघायच्या दिवशी नको. तापवलेले दगड अंगावर फिरवून झाल्यावर तासभर काही करावंसं वाटत नाही, आणि तुम्हाला बॅग भरून गाडीत बसायचं आहे. स्क्रब हवाच असेल तर ३० मिनिटांचा, मसाजला लागून आधी घ्या. आदल्या २४ तासांत दाढी, वॅक्सिंग, शेव्हिंग काही केलेलं नसावं, नाहीतर मिठाचे कण आग लावतात. स्क्रबनंतर त्या दिवशी क्लोरीनचं पाणी आणि कडक ऊन दोन्ही टाळा. फेशियल ठेवा, पण मसाजच्या आधी नको: तासभर उशीत तोंड खुपसल्यावर चेहऱ्यावर वळ उठतात. रेटिनॉलचं क्रीम लावत असाल तर तीन ते पाच दिवस आधी थांबवा.

मग वेळापत्रक असं होतं. पहिल्या दिवशी एकही ट्रीटमेंट नाही. सामान टाका, परिसरात फिरून या, पुलात १५ मिनिटं तरंगा, वेळेवर जेवा. झोपायच्या एक-दोन तास आधी कोमट-गरम पाण्याने अंघोळ करा. हातापायांतल्या रक्तवाहिन्या उघडतात, आतलं तापमान उतरू लागतं आणि झोप लवकर लागते. तरीही नव्या जागी पहिल्या रात्री झोप सावध असते, मेंदू पूर्ण निर्धास्त होत नाही. म्हणूनच सकाळी ७ चा योग रद्द करा, जाग आली तर जा. दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर दोन तासांनी, म्हणजे ११ च्या सुमारास सॉना, नंतर विश्रांती, जेवण आणि दुपारची झोप. चार वाजता मसाज, त्यापुढे काहीही नाही. तेल दोन-तीन तास अंगावर राहू द्या. चालताना जपा, तेलकट तळवे ओल्या फरशीवर सटकतात. तिसऱ्या दिवशी सकाळी १० ला फेशियल, बाहेर पडताना सनस्क्रीन, आणि निघा.

हॉटेलला फोन करून एवढं विचारा: पोचण्याच्या आणि निघण्याच्या दिवशी पूल-सॉना वापरता येतो का, की फक्त खोली ताब्यात असेपर्यंतच; पॅकेजमध्ये ट्रीटमेंट धरल्या आहेत की नुसता प्रवेश; लहान मुलांना पुलात कोणत्या वेळी सोडतात; दिवसापुरते येणारे बाहेरचे पाहुणे कोणत्या वारी जास्त असतात. शनिवार-रविवार टाळता आला तर तेच सॉना निम्मं रिकामं मिळतं. आणि त्याच फोनवर तीन ट्रीटमेंट रद्द करून टाका. २४ तास आधीपर्यंत बहुतेक ठिकाणी पैसे कापत नाहीत, काही ठिकाणी मात्र ही मुदत ४८ तासांची असते, तीही विचारून घ्या.